डासांचं नातंगोतं: रोग पसरवणाऱ्या रक्तपिपासू कीटकांच्या वंशावळीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या गावात डास भरपूर, पण हिवतापाचा रुग्ण सापडत नाही. शेजारच्या गावात डास तेवढेच आणि घरटी कोणी ना कोणी तापानं फणफणलेलं. पाऊस तोच, पाणी तेच, फवारणीही त्याच पथकाची. अशा कोड्यांची उत्तरं गेल्या शंभर वर्षांत अनेकदा डासाच्या वंशावळीत सापडली आहेत. कोणता कीटक कोणाचा सख्खा, कोण लांबचा चुलत आणि कोण नुसताच दिसायला सारखा, हे कळल्याशिवाय कीटकजन्य आजारांवरचा खर्च आणि कष्ट योग्य जागी पडत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. खालचे प्रश्न विद्यार्थ्यांकडून, आरोग्य सेवकांकडून आणि सोसायट्यांच्या बैठकांमधून सतत येत असतात.

रक्त पिणारे सगळे कीटक एकमेकांचे नातेवाईक आहेत का?

नाहीत. रक्त पिण्याची सवय कीटकांमध्ये अनेकदा आणि स्वतंत्रपणे उपजली. डास, वाळूमाशी, नदीकाठची काळी माशी आणि आफ्रिकेतली त्सेत्से माशी हे सगळे द्विपंखी गणातले. पण त्यातही त्सेत्से ही डासापेक्षा आपल्या घरमाशीच्या जास्त जवळची. ढेकूण तर वेगळ्याच गणातला. शेतकऱ्याला चांगले ठाऊक असलेले मावा आणि तुडतुडे ज्या गणात येतात, त्याच गणात तो येतो. सोंड खुपसून द्रव ओढायची या गणाची जुनी रीत. कोणी झाडाचा रस ओढतं, कोणी दुसऱ्या किड्याला शोषतं, ढेकूण रक्त ओढतो. उवा या झाडांच्या सालींवर आणि जुन्या पुस्तकांत बुरशी खात फिरणाऱ्या बारीक किड्यांच्या वंशातल्या आहेत, तर पिसवांचे जवळचे आप्त म्हणजे विंचूमाश्या.

या स्वतंत्र उगमाचा पुरावा लाळेत मिळतो. चावा घेतल्यावर जखमेतून एडीपी नावाचं रसायन बाहेर पडतं आणि त्यानं प्लेटलेट गोळा होऊन रक्त थांबतं. ते थांबू नये म्हणून रक्तपिपासू कीटकाच्या लाळेत अपायरेज नावाचं विकर असतं, जे एडीपी मोडून टाकतं. काम एकच, पण डासाचं अपायरेज एका प्रथिन-कुटुंबातलं आणि ढेकणाचं अगदी दुसऱ्या. गंमत म्हणजे वाळूमाशी डासासारखीच द्विपंखी असूनही तिच्या लाळेतलं अपायरेज ढेकणाच्या प्रकारचं आहे. गरज तीच होती, हाताशी असलेली जनुकं वेगवेगळी होती, आणि प्रत्येक वंशानं आपापलं औजार घडवलं.

गोचीड कीटक आहे का?

नाही. तिला आठ पाय असतात आणि ती कोळी-विंचवांच्या वर्गातली आहे. सिंधुदुर्ग आणि गोव्यात गेल्या काही वर्षांत दिसलेला माकडताप हा गोचिडीमुळे होतो. त्याचा विषाणू पहिल्यांदा १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात सापडला. डासांसाठीची धूर फवारणी या आजारावर उपयोगाची नाही, हे इथे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

ऍनॉफिलिस, एडिस, क्युलेक्स: यांत कोण कोणाच्या जवळचं?

एडिस आणि क्युलेक्स एकमेकांच्या जवळचे, ऍनॉफिलिस लांबचा. जगात डासांच्या ३,५०० हून जास्त प्रजाती नोंदलेल्या आहेत आणि त्यांची दोन उपकुळं पडतात. एका उपकुळात ऍनॉफिलिस, दुसऱ्यात एडिस, क्युलेक्स आणि बाकीचे बहुतेक. ही फाटाफूट अंदाजे १५ ते २० कोटी वर्षांपूर्वीची मानली जाते. माणूस आणि उंदीर यांच्या वाटा त्यानंतर कितीतरी काळानं वेगळ्या झाल्या. म्हणजे आपल्याला "एक डास आणि दुसरा डास" वाटतात, त्यांच्यातलं अंतर आपल्यातल्या आणि उंदरातल्या अंतरापेक्षा जुनं आहे.

जनुकसंचातही, म्हणजे डासाच्या सगळ्या डीएनएतही, हे उघड दिसतं. आफ्रिकेतल्या ऍनॉफिलिस गॅम्बीचा जनुकसंच २००२ मध्ये वाचून झाला. त्यात डीएनएची सुमारे २७.८ कोटी अक्षरं निघाली. एडिस इजिप्तीचा २००७ मध्ये आला, तो सुमारे १३८ कोटींचा. त्यातला जवळजवळ निम्मा भाग एका जागेवरून दुसऱ्या जागी उड्या मारत स्वतःच्या प्रती वाढवणाऱ्या तुकड्यांचा आहे. क्युलेक्स क्विंकेफॅसिएटस, म्हणजे आपल्याकडे हत्तीरोग पसरवणारा, सुमारे ५८ कोटींवर थांबतो. आणखी एक फरक नर-मादी ठरवण्यातला. ऍनॉफिलिसमध्ये एक्स आणि वाय ही गुणसूत्रं वेगळी ओळखू येतात. एडिस-क्युलेक्समध्ये ती दिसायला सारखीच असतात आणि त्यांवरची एक छोटी जागा नर ठरवते.

आणि हो, सगळ्या डासांच्या माद्या चावत नाहीत. टॉक्सोऱ्हिंकायटिस नावाच्या मोठ्या, चकचकीत डासाची मादी फुलांच्या मधुरसावर जगते आणि त्याच्या अळ्या दुसऱ्या डासांच्या अळ्या खातात.

माणसाचा हिवताप फक्त ऍनॉफिलिसच का पसरवतो?

हिवतापाच्या परजीवीला डासाच्या पोटाच्या भिंतीतून आरपार जावं लागतं, तिथे वाढावं लागतं आणि मग लाळग्रंथीत पोहोचावं लागतं. दहा-बारा दिवसांचा हा प्रवास आहे आणि वाटेत डासाची प्रतिकारयंत्रणा त्याला गाठत असते. माणसाच्या हिवतापाचे परजीवी ऍनॉफिलिसच्या शरीराशीच जुळलेले आहेत. हिवताप डासातून पसरतो हे दाखवणारा ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस सुरुवातीला क्युलेक्स आणि एडिसच फाडून पाहत होता, त्यात काही मिळेना. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला ठिपकेदार पंखांच्या डासाच्या पोटात त्याला परजीवीच्या गाठी दिसल्या. तो डास ऍनॉफिलिस होता. पुढच्या वर्षी कलकत्त्याला त्यानं पक्ष्यांचा हिवताप घेतला आणि तिथे मात्र क्युलेक्सनंच काम केलं. वाहक आणि परजीवी यांची जोडी इतकी ठरलेली असते.

पण ऍनॉफिलिस असला म्हणजे हिवताप येतोच असं नाही. या वंशाच्या साडेचारशेहून जास्त प्रजातींपैकी ७० च्या आसपास हिवताप पसरवू शकतात आणि त्यातल्या चाळीसएक प्रजाती खऱ्या उपद्रवी आहेत. या उपद्रवी प्रजाती वंशवृक्षाच्या एकाच फांदीवरही बसलेल्या नाहीत. अनेकदा अट्टल वाहकाचा सर्वांत जवळचा आप्त निरुपद्रवी असतो.

भावंड प्रजाती म्हणजे काय?

दिसायला हुबेहूब, पण आपसात न मिसळणाऱ्या प्रजाती. सूक्ष्मदर्शकाखाली सोंड, पंख, पाय सगळं पाहिलं तरी फरक सापडत नाही. निसर्गात मात्र त्यांचे नर-मादी एकमेकांशी जोड्या जमवत नाहीत, किंवा जमवल्या तरी पुढची नर संतती बहुधा वांझ निघते.

ही कल्पना रुजली ती युरोपातल्या एका कोड्यामुळे. ऍनॉफिलिस मॅक्युलिपेनिस हा डास जवळजवळ सगळ्या खंडभर होता. हिवताप मात्र तुकड्या-तुकड्यांत: इटलीच्या काही दलदलींत भयंकर, तर तशाच डासांनी भरलेल्या दुसऱ्या प्रदेशांत नावालाही नाही. फॅलेरोनी नावाच्या निवृत्त इटालियन आरोग्य अधिकाऱ्यानं १९२६ मध्ये डासाऐवजी त्याची अंडी निरखली. अंड्यांच्या पाठीवरची नक्षी वेगवेगळी होती, आणि एका मादीची सगळी अंडी एकाच नक्षीची. त्यानं दोन प्रकारांना आपल्या सहकाऱ्यांची नावं दिली: लॅब्रांची आणि मेसी. पुढच्या काही वर्षांत उलगडलं की लॅब्रांची माणसाला चावतो आणि हिवताप देतो, मेसी गोठ्यातल्या गुरांवर खूश असतो. एका नावाखाली अनेक प्रजाती नांदत होत्या. पगारी संशोधकांच्या ताफ्याला जे दिसलं नाही, ते एका निवृत्त माणसानं अंडी बघून दाखवलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

भारतात असं काही आढळलं आहे का?

आढळलं आहे, आणि ते आपल्या रोजच्या कामाशी थेट जोडलेलं आहे. ग्रामीण भारतातला मुख्य हिवताप-वाहक ऍनॉफिलिस क्युलिसिफेसिस. देशातल्या हिवतापाच्या निम्म्याहून जास्त रुग्णांना तोच जबाबदार धरला जातो. १९८० साली ग्रीन आणि माइल्स यांनी दाखवलं की हा एक डास नाही. त्यांनी दोन प्रजाती वेगळ्या काढल्या, ए आणि बी. पुढे दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रात डॉ. सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सी आणि डी वेगळ्या केल्या. १९९९ मध्ये पाचवी, ई, नोंदली गेली.

हे ओळखायचं कसं, ते जवळून बघण्यासारखं आहे. पहाटे गोठ्यातून आणि घरांतून माद्या पकडतात. त्यातल्या रक्त अर्धवट पचलेल्या आणि अंडी अर्धवट तयार झालेल्या माद्याच निवडायच्या, कारण त्याच टप्प्यावर अंडाशयातल्या पोषक पेशींमध्ये गुणसूत्रं पुन्हा पुन्हा दुणावून जाड, पट्टेदार झालेली असतात. अंडाशय काढून मिथेनॉल आणि ॲसिटिक आम्लाच्या द्रावणात टाकायचं, ऑर्सीननं रंगवायचं, काचपट्टीवर घेऊन वर काच ठेवायची आणि अंगठ्यानं दाबायचं. दाब कमी पडला तर गुंता सुटत नाही, जास्त झाला तर गुणसूत्रं तुटतात. नीट जमलं की काळे-फिकट पट्टे ओळीनं दिसतात. काही डासांत या ओळीचा एक तुकडा उलटा बसलेला असतो, जसे आगगाडीचे मधले चार डबे सोडवून उलट्या क्रमानं जोडावेत तसा. एकाच गावात सरळ ओळीचे आणि उलट्या ओळीचे डास सापडले, पण आईकडून सरळ आणि बापाकडून उलटी अशी मिश्र जोडी असलेला एकही सापडला नाही, तर ते दोन गट आपसात लग्नं करत नाहीत हे सिद्ध होतं.

याचा व्यवहारात अर्थ काय? प्रजाती बी जवळजवळ पूर्णपणे गुरांवर जगते आणि हिवताप पसरवण्यात अगदी कमकुवत आहे. पूर्व उत्तर प्रदेश आणि उत्तर बिहारच्या ज्या भागांत क्युलिसिफेसिसपैकी फक्त बी मिळते, तिथे डास उदंड असूनही हिवताप कमी. मग रामेश्वरम आणि श्रीलंकेत बी असूनही हिवताप जोरात का, हा प्रश्न बरीच वर्षं सलत होता. उत्तर असं निघालं की पट्ट्यांची ओळ अगदी बीसारखी, पण वाय गुणसूत्राचा आकार वेगळा अशी निराळी प्रजाती तिथे होती. तीच ई. ती माणसाला चावते आणि पट्टीची वाहक आहे.

डोंगराळ भागातल्या ओढ्यांवर वाढणाऱ्या ऍनॉफिलिस फ्लुव्हिएटिलिसचंही तसंच. त्यात एस, टी आणि यू अशा प्रजाती सांगितल्या जातात. एस माणसामागे लागते, टी गुरांमागे. जंगलपट्ट्यात काम करणाऱ्या कोणाही कीटक समाहारकानं, म्हणजे डास गोळा करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यानं, "फ्लुव्हिएटिलिस सापडला" एवढ्यावर थांबू नये ते यामुळेच.

आता डीएनएवरून ओळखतात म्हणे. एक तपासणी केली की झालं?

बहुतेक वेळा होतं, नेहमी नाही. मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या कणांतल्या, सीओआय जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचून प्रजाती ओळखायची रीत सगळ्यात प्रचलित आहे. डासाचा एक पायही त्याला पुरतो. पण मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात. वंशातली बापाची बाजू तिथे दिसतच नाही, आणि नुकत्याच वेगळ्या झालेल्या प्रजातींत हा तुकडा सारखाच निघतो. गॅम्बी आणि कोलुझी हे आफ्रिकी डास याच कारणानं या तपासणीत वेगळे पडत नाहीत. शिवाय डासाच्या अंगात वोल्बाकिया हा जिवाणू असेल, तर तो आईमार्फतच पसरतो आणि जाताना सोबत एकाच घराण्याचे मायटोकॉन्ड्रिया सगळीकडे पसरवून ठेवतो. मग नातं असतं त्यापेक्षा जवळचं भासतं. म्हणून जाणकार लोक केंद्रकातला आयटीएस-२ सारखा दुसरा तुकडाही तपासतात, आणि शक्य असेल तिथे पूर्ण जनुकसंच वाचतात.

पूर्ण जनुकसंच वाचल्यावर तरी पक्का वंशवृक्ष मिळतो ना?

इथेच सगळ्यात मोठा धक्का बसला. आफ्रिकेतल्या गॅम्बी गटात आठ-नऊ प्रजाती आहेत आणि त्यांपैकी काही जगातले सगळ्यात घातक डास म्हणून ओळखले जातात. २०१५ मध्ये या गटाचे जनुकसंच शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा एक्स गुणसूत्रावरून एक वंशवृक्ष निघाला आणि बाकीच्या गुणसूत्रांवरून दुसराच. प्रजाती वेगळ्या झाल्यानंतरही गॅम्बी आणि अरेबिएन्सिस यांच्यात अधूनमधून संकर होत राहिला. संकरातले नर वांझ, पण माद्या सुपीक. त्या माद्यांच्या मार्फत एका प्रजातीची जनुकं दुसरीत झिरपत राहिली, इतकी की बहुतेक जनुकसंच खरा इतिहास झाकून टाकतो. तो एक्सवर तेवढा शिल्लक राहिला आहे.

हा नुसता अभ्यासिकेतला वाद नाही. पायरेथ्रॉइड गटाच्या कीटकनाशकांना दाद न देणारा एक बदल गॅम्बीमध्ये आला आणि संकरातून कोलुझीमध्ये शिरला. माली देशात कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या वाढल्या त्याच सुमारास हा बदल कोलुझीत फैलावला. एका प्रजातीनं कमावलेली ताकद दुसरीला आयती मिळाली. फवारणीचं धोरण ठरवताना एकेका डासाचा विचार करून भागत नाही. तो कोणाशी जोडी जमवू शकतो हेही बघावं लागतं.

मुंबईचा हिवतापाचा डास आफ्रिकेत पोहोचला, हे खरं का?

डास आपला खरा, पण तो थेट मुंबईहून गेला असं म्हणता येणार नाही. हा ऍनॉफिलिस स्टीफेन्साय. लिस्टन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९०१ मध्ये त्याचं वर्णन केलं ते वऱ्हाडातल्या एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या डासांवरून. पुढे मुंबईत हिवताप तोच पसरवतो हेही त्यांनीच दाखवलं. १९११ च्या बेंटली यांच्या अहवालानं मुंबईतल्या विहिरी आणि टाक्यांकडे बोट दाखवलं, आणि विहिरी झाकण्या-बुजवण्यावरून धार्मिक भावनांचा मोठा प्रश्न उभा राहिला. गच्चीवरच्या टाकीला घट्ट झाकण हवं हा मुंबई महापालिकेचा आग्रह त्या काळापासूनचा आहे.

बहुतेक ऍनॉफिलिसना शेतातलं, ओढ्यातलं पाणी लागतं. स्टीफेन्सायला पिंप, टाकी, बांधकामावरचा हौद चालतो. म्हणून तो शहरात टिकतो आणि म्हणूनच जहाजातून प्रवासही करू शकतो. २०१२ मध्ये तो जिबूतीत सापडला. त्यानंतर इथिओपिया, सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया, घाना इथेही. श्रीलंकेत तर देश हिवतापमुक्त जाहीर झाल्यावर थोड्याच दिवसांत मन्नारमध्ये तो आढळला. जिबूतीत २०१२ साली हिवतापाचे अवघे २७ रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये ही संख्या ७३ हजारांच्या पुढे गेली. इथिओपियातल्या डासांच्या जनुकांचं साम्य दक्षिण आशियातल्या डासांशी लागतं. आफ्रिकेतले मूळ वाहक मुख्यतः खेड्यांतले, त्यामुळे तिथली शहरं आजवर काहीशी सुरक्षित होती. ही सुरक्षितता जाण्याची भीती आहे, आणि म्हणून आपल्याकडच्या टाकी-झाकण्याच्या शंभर वर्षांच्या अनुभवाला तिथे मोल आहे.

स्टीफेन्सायमध्येही टाइप, इंटरमीडिएट आणि मायसोरेन्सिस असे तीन प्रकार अंड्याच्या बाजूच्या तरंग्यांवरचे कंगोरे मोजून ठरवतात. टाइप शहरी आणि घातक, मायसोरेन्सिस ग्रामीण आणि वाहक म्हणून कमजोर. या तिघांना स्वतंत्र प्रजाती मानायचं की नाही, यावर अजून एकमत नाही.

एडिस इजिप्ती मूळचा भारतातला का?

मूळचा आफ्रिकेतला. तिथल्या जंगलात त्याचं काळसर रूप अजूनही झाडांच्या ढोलीत वाढतं आणि मिळेल त्या प्राण्याला चावतं. पश्चिम आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यात, जिथे वर्षाचा मोठा काळ पाणी फक्त माणसांनी साठवलेलं असतं, तिथे सुमारे ५,००० वर्षांपूर्वी त्यातलं एक घराणं माणसाला चिकटलं. गुलामांच्या जहाजांतून ते अमेरिकेत गेलं आणि १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात आशियात आलं. केनियातल्या रबाई भागात दोन्ही रूपं शेजारी शेजारी मिळतात. तिथल्या डासांवरच्या २०१४ च्या अभ्यासात ओआर-४ नावाचं वास ओळखणारं जनुक सापडलं. माणसाच्या अंगाच्या वासात विपुल असलेला सल्काटोन हा घटक घरगुती रूपाला या जनुकामुळे जास्त तीव्रपणे जाणवतो.

आशियाई टायगर डास, म्हणजे एडिस अल्बोपिक्टस, हा त्याच उपवंशातला पण मूळचा आशियाई. दोघांमध्ये सुपीक संतती होत नाही. तरी अल्बोपिक्टसचे नर इजिप्तीच्या माद्यांशी जोडी जमवतात, आणि ती मादी त्यानंतर स्वतःच्या जातीच्या नराला जवळ करत नाही. अमेरिकेच्या फ्लोरिडात अल्बोपिक्टस आल्यावर इजिप्ती झपाट्यानं कमी झाला, त्यामागचं हे एक कारण मानतात.

विषाणू एका डासातून त्याच्या नातेवाईक डासात जाऊ शकतो का?

जाऊ शकतो, आणि कधी कधी त्याला एकच अक्षर पुरतं. चिकुनगुनिया आपल्याकडे जुना आहे. १९७३ मध्ये बार्शीत त्याची मोठी साथ आली होती, तेव्हा वाहक एडिस इजिप्ती. २००५-०६ मध्ये रियुनियन बेटावर इजिप्ती फारसा नव्हता, अल्बोपिक्टस होता. तिथे विषाणूच्या ई-१ प्रथिनात २२६ व्या जागी ॲलानिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन आलं आणि तो अल्बोपिक्टसमध्ये कितीतरी सहज वाढू लागला. नंतर केरळातल्या रबराच्या मळ्यांत, जिथे अल्बोपिक्टस खूप, तिथेही हाच बदल दिसला. इजिप्ती आणि अल्बोपिक्टस जवळचे आहेत म्हणून अंतर इतकं कमी होतं. एचआयव्हीबद्दल विचारणाऱ्यांसाठी: तो विषाणू कोणत्याच डासात वाढत नाही, पोटात पचून जातो. डासामुळे एड्स होत नाही.

प्लेगच्या पिसवांचाही असाच काही इतिहास आहे का?

आहे, आणि तो आपल्या घरचा आहे. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेगनं काय केलं ते महाराष्ट्राला सांगायला नको. मद्रास शहर मात्र बऱ्याच अंशी वाचलं. उंदीर तिथेही होते, बंदरही होतं. २० व्या शतकाच्या सुरुवातीला लक्षात आलं की उंदरांवरच्या ज्या पिसवांना सगळे एकच समजत होते, त्या वेगवेगळ्या प्रजातींच्या होत्या. मुंबईच्या उंदरांवर मुख्यतः झेनोप्सायला चिओपिस, तर मद्रास आणि कोलंबोला झेनोप्सायला ॲस्टिया. चिओपिसच्या घशाशी प्लेगच्या जंतूंची गुठळी सहज अडकते. मग पिसू उपाशी राहते, पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्याला जंतू सोडते. ॲस्टिया या कामात खूप कमी पडते. हवामानाचाही वाटा होताच, पण पिसवेची जात हे एक मोठं कारण धरलं गेलं. हजारो मृत्यूंमागे एका बारीक किड्याच्या दोन जवळच्या प्रजातींमधला फरक असू शकतो, हे वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो.

चंडीपुरा विषाणू डासामुळे होतो का?

मुख्य वाहक वाळूमाशी. नागपूरजवळच्या चंडीपुरा इथल्या रुग्णांच्या रक्तात १९६५ मध्ये पुण्याच्या विषाणू संशोधन संस्थेला तो मिळाला. २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात, २०२४ मध्ये गुजरातेत लहान मुलांचे जीव त्यानं घेतले. वाळूमाशी डासाहून कितीतरी लहान, तिचे केसाळ पंख बसल्यावर उभे राहतात, आणि तिच्या अळ्या पाण्यात नसून भिंतींच्या भेगांत, शेणामातीत वाढतात. त्यामुळे "कोरडा दिवस" पाळून ती जात नाही. भेगा लिंपायला लागतात.

डोक्यातल्या उवा आणि कपड्यांतल्या उवा एकच का?

एकच प्रजाती, दोन रूपं. कपड्यांच्या शिवणीत राहणारं रूप डोक्यातल्या उवांपासून आलं, आणि जनुकांवरून तो काळ साधारण एक लाख वर्षांच्या आसपास निघतो. माणूस कपडे कधी घालू लागला याचा अंदाज त्यावरून बांधतात. टायफस हा ताप पसरवते ती कपड्यांतली.

या नात्यांचा उपाय शोधताना उपयोग होतो का?

होतो, आणि जपूनही राहावं लागतं. एडिस इजिप्तीमध्ये वोल्बाकिया निसर्गतः नसतो, त्याच्या अनेक नातेवाईकांत असतो. प्रयोगशाळेत तो इजिप्तीत घातला की डेंगीचा विषाणू त्याच्या अंगात नीट वाढत नाही. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात असे डास सोडल्यावर डेंगीचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी आढळले. पुद्दुचेरीच्या वाहक नियंत्रण संशोधन केंद्रानंही अशी घराणी तयार केली आहेत.

दुसरा मार्ग जीन ड्राइव्हचा, म्हणजे एखादा जनुकीय बदल जवळजवळ सगळ्या संततीत उतरेल अशी रचना करण्याचा. २०१८ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये गॅम्बीच्या डबलसेक्स या नर-मादी घडण ठरवणाऱ्या जनुकावर असा बदल सोडला. पिंजऱ्यातली डासांची वस्ती ७ ते ११ पिढ्यांत संपली. डबलसेक्सचा तो तुकडा इतका महत्त्वाचा आहे की डासाला त्यात बदल करून सुटका करून घेता येत नाही. पण त्याच कारणानं तो गॅम्बीच्या भावंडांतही तसाच आहे. वर सांगितलेला संकर लक्षात घेता असा बदल एका प्रजातीत थांबेल, असं गृहीत धरता येणार नाही. घातक भावंडांत गेला तर फायदाच, पण निरुपद्रवी भावंडांत गेला तर काय, याचा निर्णय प्रयोगशाळेतल्या लोकांनी एकट्यानं घेऊ नये. ज्या गावांत डास सोडायचे तिथल्या लोकांना त्यात बरोबरीचं स्थान हवं.

माझ्या घरातला डास कोणता, हे मला ओळखता येईल का?

वंशापर्यंत येईल. भिंतीवर तिरका, डोकं खाली आणि पाठ वर करून बसला तर बहुधा ऍनॉफिलिस. मात्र क्युलिसिफेसिस क्युलेक्ससारखा जवळजवळ आडवा बसतो आणि फसवतो. काळा, पायांवर पांढरे पट्टे आणि दिवसा चावणारा तर एडिस. पाठीवर वीणेच्या आकाराच्या पांढऱ्या रेघा असतील तर इजिप्ती, मधोमध एकच सरळ रेघ असेल तर अल्बोपिक्टस. तपकिरी, रात्री कानाशी गुणगुणणारा बहुतेक वेळा क्युलेक्स. टाकीतल्या अळ्याही सांगतात: ऍनॉफिलिसची अळी पृष्ठभागाला समांतर पडून असते, बाकीच्या दोघांच्या श्वासनळीच्या आधारानं डोकं खाली करून लटकतात.

भावंड प्रजाती मात्र डोळ्यांनी कळणार नाहीत. भागात अचानक हिवतापाचे रुग्ण वाढले आणि डास तपासायला द्यायचे असतील तर ते चोळामोळा न करता पकडा आणि अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत ठेवा. तारीख, गाव, पकडल्याची वेळ आणि जागा, म्हणजे गोठा की झोपायची खोली, हे कागदाच्या तुकड्यावर लिहून तो आतच टाका. लिहायचं ते पेन्सिलीनं, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.